पातेल्यावरचं ताट

"बिअर," उन्मेष म्हणाला.

शलाकानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय? पण नाही, गडी अगदी गंभीर होता. समोर डॉक्टर फरहीन बागवान बसल्या होत्या, भिंतीवर माणसाच्या नाकाचं उभं चिरलेलं चित्र लावलेलं होतं, आणि डॉक्टरांनी नुकतंच विचारलं होतं, "काका, इतक्या वर्षांनी तुम्हाला पुन्हा वास येणार आहे. सगळ्यात आधी कोणता यावा असं वाटतं?" आणि तीस वर्षांवर संसार केलेला हा माणूस म्हणतो काय, तर बिअर!

"कुठलीही चालेल?" डॉक्टरांनी हसू आवरत विचारलं.

"छे छे, कुठलीही कशी? मी घरी करायचो ती. हॉप्सची कडवट फुलं सढळ हातानं घातलेली."

"काकू, तुमचं काय मत?"

"माझं कसलं आलंय मत," शलाका म्हणाली. "नाक त्याचं आहे."

हे वाक्य ती ज्या सुरात म्हणाली, तो सूर कन्याशाळेत तिच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलीला बरोबर कळला असता. उन्मेषला मात्र कळला नाही. तो चित्रातल्या नाकाकडे बघत बसला.

सात वर्षांपूर्वी साताऱ्यात तापाची एक साथ येऊन गेली. माणसं आठवड्यात बरी झाली, कामाला लागली, साथ विसरलीसुद्धा. उन्मेष जगदाळ्यांचा तापही उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. सुरुवातीला वाटलं, येईल महिन्याभरात. लवंग हुंगून झाली, निलगिरी झाली, कुणी काय सांगेल ते सगळं झालं. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी उभ्या असलेल्या या माणसाला पत्ता नसायचा. गॅसचं बटण अर्धवट राहिलं तेव्हा शलाका घरी होती म्हणून निभावलं. जीभ शाबूत होती, त्यामुळे तिखट, आंबट, कडू एवढं कळायचं. पण कंदी पेढा म्हणजे नुसता गोड गोळा, आणि आमटी म्हणजे गरम खारट पाणी. लेकीला मुलगी झाली तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी बाळाची टाळू हुंगली. उन्मेषनंही हुंगली आणि म्हणाला, "वा, छान." शलाका शेजारीच होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन उगाच भांडी विसळत बसली.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर बिअर करायची हे त्यानं कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं. नोकरीत असतानाच तो सुट्टीच्या दिवशी मागच्या ओट्यावर थोडी थोडी करायचा. रीतसर काढलेला परवाना चौकटीत घालून, देवघरात नाही एवढंच, पण जवळजवळ तेवढ्याच श्रद्धेनं भिंतीवर लावलेला होता. वास गेला आणि त्यानं सगळं सामान माळ्यावर टाकलं. निवृत्त झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न मग त्याला कुणी विचारला नाही.

डॉक्टर फरहीन समजावून सांगत होत्या. बाई वयानं लहान, पण बोलणं असं की आजीलाही कळावं.

"नाक म्हणजे नुसतं दार. वास कळतो तो वर, कपाळाच्या मागं, शेंगदाण्याएवढ्या दोन कंदांमध्ये. तुमच्या तापानं दारापासून कंदापर्यंत जाणाऱ्या तारा जळाल्या. कंद चांगले आहेत. आता आपण काय करणार, तर चष्म्याच्या दांडीत एक बारीक कृत्रिम नाक बसवणार. हवेत कुठले रेणू आहेत ते हे नाक ओळखतं आणि आत कंदावर बसवलेल्या जाळीला खबर देतं. जाळी विजेच्या अगदी हलक्या टिचक्या मारते. ऐकू न येणाऱ्या लोकांच्या कानात यंत्र बसवतात ना, त्याची ही धाकटी बहीण समजा."

"मग बसवलं की वास येणार?" शलाकानं विचारलं.

"येणार, पण कशाचा कोणता ते कळणार नाही. लिंबू धरलं तर जळका टायर वाटेल. कुठली टिचकी म्हणजे कुठला वास हे यंत्राला ठाऊक नसतं, मेंदूलाही नसतं. म्हणून आधी एक पायाचा वास लागतो. पेशंटच्या मनात पक्का बसलेला. तो पदार्थ समोर ठेवायचा आणि यंत्र टिचक्यांची जुळणी बदलत राहतं, पेशंट 'हाच तो' म्हणेपर्यंत. एकदा हे जमलं की बाकीचे वास यंत्र त्यावरून हिशेबानं बसवतं. पाया पक्का तर सगळं पक्कं. पाया वाकडा तर..." त्या थांबल्या. "आणि हे ऑपरेशननंतर दीडेक महिन्यात उरकायला लागतं. तेवढे दिवस मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. मग तो वाळतो, आणि जे उमटलंय ते उमटलंय."

बिअर चालेल का, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि चालेल म्हणाल्या. उलट चांगलंच. लिंबू, गुलाब हे वास मानानं साधे. हॉप्सच्या तेलात शेकडो गंध एकत्र असतात, त्यामुळे जुळणीला भरपूर खुणा मिळतात. शिवाय बाटलीत बंद असल्यामुळे पहिल्या बैठकीला जो वास तोच पाचव्या बैठकीला. अट एकच, वास त्याच्या आठवणीतल्यासारखाच हवा.

"पण मला तर करता येणार नाही," उन्मेष म्हणाला. "ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वाफ घ्यायची नाही, जड उचलायचं नाही."

मग दोघांनी शलाकाकडे पाहिलं.

"बघताय काय माझ्याकडे?" शलाका म्हणाली. "करीन की. एवढ्या जणींच्या बाळंतपणाचे काढे केलेत मी, हा एक नवऱ्याचा."

*

पुण्यात ऑपरेशन नीट झालं. साताऱ्याला आल्यावर उन्मेष उशांना टेकून खिडकीपाशी पडून राहिला, आणि खिडकीबाहेरच्या ओट्यावर, वाफ आत येऊ नये म्हणून त्याला दिसणार नाही अशी कडेला, शलाकानं शेगडी मांडली.

तिला बिअर आवडत नव्हती. इतक्या वर्षांत दोन घोटांच्या वर ती कधी गेली नाही. पण उन्मेषच्या बिअरच्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसायची हे खरं. तो ढवळत असायचा आणि ती शेंगा सोलत, नाहीतर वह्या तपासत. बाकी दिवस दोघं आपापल्या कामात असत. त्या दिवशी तेवढं निवांत बोलणं व्हायचं.

माळ्यावरचं सामान खाली आलं. फ्रीजरच्या तळातून हॉप्सचं पाकीट निघालं. हवा काढून बंद केलेलं, बर्फाळ, घट्ट. उन्मेषनं वास जायच्या आधी घेऊन ठेवलेलं हे शेवटचं पाकीट. आता तसे हॉप्स बाजारात येत नव्हते. त्यांच्या वेली थंड मुलखातल्या, लांबलचक दिवस हवे असलेल्या. तिकडचे उन्हाळे असे काही तापू लागले की ती जात पिकेनाशी झाली, आणि मग कारखान्यांनी यीस्टलाच हॉप्सचा वास तयार करायला शिकवलं. एका साच्यातला, दर वेळी तोच. लोकांना फरक कळत नव्हता. उन्मेष म्हणायचा, मला वास येत नाही तरी कळेल.

"मॉल्ट भिजवलंस?" आतून आवाज.

"भिजवलं."

"पाणी किती तापलंय?"

"तू म्हणालास तेवढं. ओरडू नकोस, डॉक्टरांनी ओरडायचं नाही सांगितलंय."

"मी ओरडत नाहीये, विचारतोय."

"मग हळू विचार."

मॉल्टचं, म्हणजे मोड आणून भरडलेल्या सातूचं, गोड पाणी गाळून तिनं मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवलं. याला बिअर करणारे काहीतरी वेगळं म्हणतात, शलाका काढाच म्हणायची. कडूपणासाठी थोडे हॉप्स सुरुवातीलाच. ते उकळून उकळून कडू रस सोडणार. वासाचे हॉप्स अगदी शेवटी, कारण वासाचं तेल उकळीत टिकत नाही, उडून जातं. आणि उरलेले सगळे आंबवण झाल्यावर कच्चेच टाकायचे. उन्मेषनं तिला हे इतक्यांदा सांगितलं की तिनं शेवटी कानांवर हात ठेवले.

एकच गोष्ट त्यानं सांगितली नाही. कारण ती सांगावी लागते हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

काढ्याला उकळी फुटली आणि शलाकानं सवयीनं पातेल्यावर ताट ठेवलं, ताटात तांब्याभर पाणी ओतलं. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. उघडं काही शिजवायचं नाही. गॅस कमी लागतो, भाजी लागत नाही, आणि ताटातलं पाणी तापलं की तेच आत ओतायचं. उभ्या जन्मात तिनं ताटाशिवाय काही शिजवलेलं नव्हतं. काढ्याची पाळी आली म्हणून ती सवय कुठं जाणार?

शेवटचे हॉप्स घालायच्या आधी तिनं चिमूटभर तळहातावर घेऊन चोळले. हे उन्मेषचं ठरलेलं असायचं. चोळले की तेल सुटतं आणि हॉप्स चांगले आहेत की नाहीत ते कळतं, पण तो स्वतःच्या हातावर कधी चोळायचा नाही. "तुझा हात कोमट असतो," म्हणायचा, आणि तिच्याच हातावर चोळून घेऊन नाक खुपसायचा. तिनं हुंगलं. लिंबाची साल, कैरीचा चीक, कुठंतरी देवदाराचं लाकूड. अगदी तेच. आणि तशीच ती आत गेली, हात त्याच्या नाकाखाली धरला, आणि धरल्यावर तिला आठवलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी पण ना!"

उन्मेषनं तिचं मनगट धरलं. नाक तळहातावर टेकवून तो बराच वेळ तसाच राहिला.

"काही नाही," शेवटी तो म्हणाला. "जा, उतू जाईल."

"नाही जाणार," ती बाहेर पडता पडता म्हणाली, पण वर ताट ठेवलंय हे काही तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

*

भोइटे भाऊजी म्हणजे उन्मेषचे या छंदातले जुने सोबती. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला फटकळ आणि नाकानं एकदम तिखट. बाटल्या तयार झाल्यावर शलाकानं त्यांना मुद्दाम बोलावलं. उन्मेष दुपारचा झोपला होता. पुण्याची पहिली बैठक दोन दिवसांवर आली होती.

त्यांनी ग्लासात ओतली, उजेडात धरली. रंग पाहून मान डोलावली. ग्लास फिरवून नाकाशी नेला आणि ते थांबले. परत हुंगलं.

"वहिनी, हॉप्स फक्कड आहेत. बोलायला नको." मग जरा चाचरत, "काढा उकळताना वर काही ठेवलं होतंत का?"

"ताट. का हो?"

भोइट्यांनी ग्लास खाली ठेवला. "उकडलेल्या मक्याचा वास आहे. मागं आहे, पण आहे."

शलाकानं ग्लास ओढून घेतला. आता त्यांनी नाव घेतल्यावर तिलाही तो आला. लिंबाच्या, कैरीच्या मागं, गाडीवर उकडलेली कणसं असतात ना, अगदी तस्साच. आधीही आला होता की! तिला वाटलं होतं, बिअरला असाच येत असेल.

भोइट्यांनी सांगितलं. सातूच्या दाण्यात गंधकाचा एक पदार्थ असतो. उकळताना तो सुटतो आणि वाफेबरोबर निघून जातो, म्हणून पातेलं उघडं ठेवायचं. वर ताट असलं, त्यातून गार पाण्याचं, की वाफेचे थेंब होऊन परत आत. जो बाहेर जायचा तो आतच राहतो. "प्यायला काही वाईट नाही हो. माझ्या पहिल्या घाण्याला तर याच्या चौपट होता."

"प्यायची नाहीये, भाऊजी," शलाका म्हणाली.  "याच्यावर त्याचं नाक बसवायचंय."

 ओलं सिमेंट. पाया वाकडा तर. म्हणजे यंत्र हॉप्सच्या वासात मका मिसळूनच शिकणार, आणि मग त्या हिशेबानं बाकीचं सगळं. आमटीत मका, पेढ्यात मका, नातीच्या केसांत मका. जन्मभर. आणि परत करावी तर पाकीट रिकामं. तिनं हावरटासारखे सगळे हॉप्स घातले होते, सढळ हातानं, त्यानं सांगितलं तसे.

"उन्मेषला बोलू नका," भोइटे निघताना म्हणाले. "इतक्या वर्षांनी माणूस जरा हसायला लागलाय. थोडा मका राहिला तर राहिला. त्याला कुठं कळणार आहे?"

त्याला कुठं कळणार आहे. हे वाक्य मात्र तिच्या डोक्यातून जाईना. ज्याला वासच येत नाही त्याच्याशी वासाबद्दल खोटं बोलण्याइतकं सोपं काही नसतं. सात वर्षं ती तेच करत आली होती. आज काय मस्त वास सुटलाय, असं ती त्याच्यासमोर कधी म्हणाली नव्हती. उदबत्तीसुद्धा तो घरात नसताना लावायची. आणि तो 'वा, छान' म्हणत आला होता. दोघंही एकमेकांना जपत होती, आणि जपता जपता त्या ओट्यावरचं बोलणं कधी बंद पडलं ते कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडईतून कणसं आणली, उकडली. एका हातात कणीस आणि एका हातात ग्लास घेऊन ती आलटून पालटून हुंगत उभी होती. तोच होता. काडीचा फरक नव्हता.

"काय चाललंय?" दारात उन्मेष.

"काही नाही, मका उकडलाय. खातोस?"

एवढ्यावर सुटता आलं असतं. त्यानं कणीस उचललंही होतं. तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"उन्मेष, माझ्या हातून घाणा बिघडलाय."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ताट, ताटातलं पाणी, भोइटे काय म्हणाले, मका. एका दमात, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

 त्याचा चेहरा लाल झाला. "ताट? काढ्यावर ताट कोण ठेवतं, शलाका? इतकं सगळं तोंड दुखेपर्यंत सांगितलं मी!"

"ताटाचं नाही सांगितलंस."

"सांगायला लागतं का ते?"

"मला लागतं! मी काय बिअर करते रोज?" आता तीही पेटली. कितीतरी दिवस घशाशी अडकलेलं बाहेर आलं. "आणि तुला तरी बिअरच कशी आठवली रे? डॉक्टरांनी विचारलं, पहिला वास कोणता, आणि तू बिअर म्हणालास! मी शेजारी बसले होते. शेजारी! माझं राहू दे, नातीचं नाव घेतलं असतंस तरी मला काही वाटलं नसतं. बिअर!"

उन्मेष तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"अगं, मी विचारलं होतं," तो हळूच म्हणाला.

"काय विचारलं होतंस?"

"आधीच्या खेपेला. तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा डॉक्टरांनी पायाचं सांगितलं होतं. म्हटलं, बायकोचा वास चालेल का? तर म्हणाल्या, माणसाचा वास पायाला चालत नाही. जेवणानं बदलतो, औषधानं बदलतो, वयानं तर बदलतोच. पाया हलता नको. मग मी विचार केला, असं काय आहे ज्यात तू आहेस आणि जे बाटलीत भरता येतं?" त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. "हॉप्स मी तुझ्या हातावरच हुंगलेत, शलाका. कायम. माझ्या डोक्यात तो वास म्हणजे बिअर नाहीच. तुझा हात आहे."

शलाकाला रडू कोसळलं. हातात मक्याचं कणीस तसंच, आणि बाई ओक्साबोक्शी रडतायत.

"हे तोंडानं सांगता येत नव्हतं?" ती रडतच म्हणाली.

"डॉक्टरांसमोर?"

"घरी आल्यावर!"

"तू घरी येईपर्यंत बोलत नव्हतीस. मला वाटलं, गाडी लागली."

यावर हसावं की आणखी रडावं ते तिला कळेना. दोन्ही झालं. मग त्यानं तिच्या हातातलं कणीस घेतलं, अर्धं मोडून तिला दिलं, आणि खात खात डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर फरहीन बराच वेळ ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी सांगितलंत ते बरं झालं. आम्हाला माहीत नसतं तर तो मका मुकाट्यानं पायात गेला असता. आता एक करून बघू. उद्या येताना उकडलेला मका घेऊन या, घट्ट झाकणाच्या डब्यात. आधी एकटा मका ओळखता येतो का बघू. आला, तर बिअरमधून तो वजा करता येईल. या यंत्रावर मी असं कधी केलेलं नाही, त्यामुळे खात्री देत नाही. करायचं?"

"करायचं," दोघंही म्हणाले.

*

सकाळी शलाकानं ताजी कणसं सोलली, उकडली, डबा भरला. या वेळी पातेलं उघडं ठेवावं की झाकावं, यावरही दोघांचा वाद झाला.

खोलीत उन्मेषच्या नाकावर नवा चष्मा होता. डॉक्टरांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"काय येतंय?"

"काहीतरी येतंय," तो म्हणाला, आणि एवढ्यानंच त्याचे डोळे भरले. सात वर्षांत पहिल्यांदा काहीतरी येत होतं. "पण घाण आहे. जळकं रबर."

जुळणी बदलली. "ओली भिंत." पुन्हा बदलली. "औषधाचं दुकान... नाही, गोणपाट." असं कितीतरी वेळ चाललं. मध्ये त्याला मळमळलं, थांबायला लागलं. शलाका कोपऱ्यात हात घट्ट धरून बसली होती. तिच्या ताटाची ही शिक्षा तो भोगतोय, असं तिला वाटत होतं.

आणि मग तो हसला. खुर्चीत सरळ होऊन मोठ्यानं हसला.

"मका! अहो, मका आहे हा! सज्जनगडाच्या पायथ्याशी गाडीवर मिळतो तो!"

डॉक्टरांनी खूण केली. मग बाटली उघडली. ग्लास समोर आला. जुळणी सुरू झाली, आणि आता तो नुसता रबर, गोणपाट म्हणत नव्हता, तक्रारी करत होता. "मका डावीकडे आहे, तो काढा. नाही, फार काढलात, थोडा ठेवा, आहेच तो बिअरमध्ये. हां. आता त्याच्या पुढं काहीतरी उजळ आहे. लिंबू? साल, लिंबाची साल! अजून. अजून जरा..." 

त्यानं चष्म्याखालचे डोळे मिटले. 

"काका? हाच का?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. 

डॉक्टरांनी सगळ्या खुणा पक्क्या केल्या. लिंबू धरलं, त्याला लिंबू आलं. साबण धरला, साबण आला. कॉफीला जरा कागदाचा वास होता, तो पुढच्या बैठकीला बघू म्हणाल्या. पाया सरळ बसला होता.

"आज पुरे. दमला असाल."

"एकच राहिलं," उन्मेष म्हणाला, आणि त्यानं शलाकापुढं हात पसरला.

तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. त्यानं तळवा उलटला, नाक टेकवलं, श्वास घेतला.  त्याच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं?"

"ओळखीचा नाही," तो म्हणाला.

 डॉक्टर पुढं होऊन काहीतरी समजावायला लागल्या, की यंत्र बरोबर आहे, काका, वासच बदललेला असतो. पण शलाकानं त्यांना हातानं थांबवलं. तिला कळलं होतं.

"सात वर्षं झाली रे," ती म्हणाली. "साबण बदलला. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हातारी झाले मी."

"आणि मला पत्ताच नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे दोघांचेही हात मोकळे होते. कात्रज मागं पडलं तेव्हा त्यानं तिचा हात परत घेतला आणि नाकाशी धरला. शिरवळ आलं, गेलं, तरी सोडला नाही. शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती. एरवी तिनं चटकन काढून घेतला असता. आज राहू दिला.

खंबाटकीचा नवा बोगदा संपून उजेड आला तेव्हा तो म्हणाला, "मका आहे थोडा."

"सकाळी कणसं सोलली ना मी."

"हं. तो वजा केला."

"मग?"

 त्यानं पुन्हा एकदा, अगदी सावकाश श्वास घेतला.

"मग ही आहे," तो म्हणाला. "नवीन आहे. पण हिला आता मी कुठंही ओळखीन."